पाखरांचा जमाखर्च : डॉ. सलीम अली

१९३० साली बर्लिनमधील पक्षिविज्ञानाचे शिक्षण आटोपून सलीम अली मुंबईला परतले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात १९२६ पासून ते मार्गदर्शक-व्याख्याते होते आणि महिना साडेतीनशे रुपये वेतन घेत होते. संग्रहालयाकडे पैसा उरला नाही, म्हणून ते पदच रद्द करण्यात आले. त्यापूर्वी भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाच्या जागेसाठीही त्यांनी प्रयत्न केला होता. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती जागा त्यांना मिळाली नव्हती. पुढे ज्यांना भारतीय पक्षिशास्त्राचे पितामह म्हणून सारे जग ओळखू लागले, ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी बेकार होते.

सलीम अलींचे चरित्र आपल्याकडे बहुधा दुर्बिणीचे चरित्र म्हणून सांगितले जाते. ते खरेच आहे. पण त्याच आयुष्याला जमाखर्चाची एक दुसरी बाजू होती. गरीब देशात निसर्गाचा अभ्यास आणि त्याचे रक्षण करायचे, तर खर्च कोणी करायचा, हा प्रश्न १९३० पासून १९८७ पर्यंत त्यांच्या पाठीशी सतत उभा होता. संस्थानिक, सरकार, परदेशी आरोग्यसंस्था, अमेरिकी निधी आणि पुरस्काराची रक्कम, असे सारे मार्ग त्यांनी चोखाळले. प्रत्येक पैशामागे देणाऱ्याचा स्वतःचा काही हेतू होता, आणि त्या हेतूच्या सावलीत राहून आपले काम निर्भेळ ठेवणे ही कसरत त्यांना जन्मभर करावी लागली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षभराचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी गिरगावातील खेतवाडीच्या घरात या मुलांना वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते आणि छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा भाच्याचाही खेळ होता. अशीच एक चिमणी पडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. तिची ओळख पटविण्यासाठी मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेशी त्या दिवशी जुळलेले नाते शेवटपर्यंत टिकले.

मधल्या काळात व्यापाराचाही अनुभव पदरी पडला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रामच्या खाणी आणि लाकडाचा धंदा सांभाळण्यासाठी गेले. धंदा फारसा चालला नाही, आणि तेथील जंगलातील पक्ष्यांनी धंद्यावरचे लक्षही उडविले. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचा अभ्यास केला. त्याच काळात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. हिशेबाची ती विद्या वाया गेली नाही. पुढे अपुऱ्या पैशांत मोहिमा पार पाडताना तिचा त्यांना प्राणिशास्त्राइतकाच उपयोग झाला असला पाहिजे.

नोकरी गेल्यावर सलीम आणि त्यांच्या पत्नी तेहमिना मुंबईसमोरच्या अलिबाग किनाऱ्यावरील किहीम या गावी राहायला गेले. बेकारीच्या त्या दिवसांत घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोज तासन्तास बसून त्यांनी त्या घरट्यांची नोंद ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो, हा क्रम त्यांच्या निरीक्षणातून स्पष्ट झाला. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव झाले. या संशोधनाला खर्च जवळजवळ काहीच आला नव्हता. मात्र त्यासाठी एका कुटुंबाने आपली मिळकत सोडली होती, आणि ती रक्कम कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात दिसत नाही.

किहीमच्या किनाऱ्यावर बसून देशाचे पक्षी कळणार नव्हते. भारताच्या मोठ्या भूभागांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी तोवर झालेलीच नव्हती. सलीम अलींनी सोसायटीपुढे एक सरळ व्यवहार मांडला. आपण मानधन घेणार नाही. तंबू, प्रवास, माणसे आणि नमुने टिकविण्याचा खर्च तेवढा ज्या संस्थानात पाहणी व्हायची त्याने उचलावा. १९३१ मध्ये हैदराबादपासून या पाहण्यांना सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ अशी संस्थाने एकामागून एक जोडली गेली. आपल्या राज्याच्या पक्ष्यांवर एक शास्त्रीय ग्रंथ असावा, ही संस्थानिकांना प्रतिष्ठेची गोष्ट वाटे. त्या प्रतिष्ठेच्या हौसेतून सलीम अलींनी देशाच्या पक्षिजीवनाची पहिली सलग नोंदवही तयार करून घेतली.

या व्यवहारात वेतनाचा रकाना कोरा होता, हे विसरता येत नाही. तेहमिनाबाईंनी शहरी सुखे सोडून तंबूतला संसार पत्करला आणि मोहिमांच्या व्यवस्थेचा भार उचलला. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली बहिणीच्या कुटुंबाकडे राहू लागले आणि कामात अधिकच बुडून गेले. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला आपल्या अंगणातला पक्षी ओळखता यावा एवढाच त्याचा हेतू होता. पण पैशाच्या दृष्टीनेही या पुस्तकाने मोठे काम केले. त्याने वाचकांचा एक वर्ग निर्माण केला, आणि जो पक्ष्यांना नावाने ओळखतो तोच पुढे त्यांच्यासाठी पैसा व आवाज देऊ शकतो. १९४२ मध्ये तुरुंगात असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी त्याची प्रत दुसऱ्या तुरुंगात असलेल्या इंदिरेला भेट दिली. त्या भेटीचे मोल पुढे दोन पंतप्रधानांच्या काळात दिसून आले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आश्रयही गेला. सोसायटीला वर्गणी आणि देणग्या देणारे अनेक इंग्रज सभासद मायदेशी परतले. संस्था चालविणे कठीण झाले, तेव्हा सलीम अलींनी थेट नेहरूंना लिहिले आणि सरकारी मदत मिळविली. फाळणीतून सावरणाऱ्या, अन्नधान्य आयात करणाऱ्या देशात पाखरांच्या संस्थेसाठी पैसा मागणे हे धाडसच होते. खाजगी मदतही ते घेत राहिले. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक आणि पक्षी-छायाचित्रकार लोक वान थो यांच्याशी युद्धकाळात मुंबईत त्यांचा स्नेह जमला. त्यांनी अलींच्या अनेक मोहिमांना हातभार लावला. १९६४ मध्ये विमान अपघातात लोक वान थो गेले आणि एक आधार संपला. एका माणसाच्या मैत्रीवर उभा असलेला निधी त्या माणसाबरोबरच जातो, ही गोष्ट पुढील दात्यांनीही ध्यानात ठेवावी अशी आहे.

पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचा, तर हजारो पक्षी जाळ्यात धरून, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडावे लागतात, आणि त्यांतील मोजक्याच पक्ष्यांचा पुन्हा ठावठिकाणा लागतो. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि ताबडतोब दाखविता येईल असे फळ देत नाही. अशा कामाला पैसा मिळाला तो रोगाच्या भीतीतून. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. आज सिंधुदुर्गातही ज्याला माकडताप म्हणून ओळखतात, तो हाच रोग. त्याचा विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. सैबेरियाकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर हा रोग आणतात काय, अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेला आली. सलीम अलींना पक्ष्यांच्या वाटा शोधायच्या होत्या आणि संघटनेला रोगाची. दोघांची गरज एकाच जाळ्यात भागत होती. त्यातून कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला.

या छावण्यांत बिहारमधील मीरशिकार समाजाचे फासेपारधी कामाला घेतले गेले. पक्षी इजा न होता पकडण्याची त्यांची पिढीजात विद्या एरवी बाजारात पक्षी विकण्यासाठी वापरली जाई. येथे त्याच विद्येला पक्षी धरून पुन्हा सोडून देण्यासाठी मजुरी मिळू लागली. भरतपूरला कडे घातलेली बदके मध्य आशियात आणि सैबेरियात सापडू लागली, आणि नकाशावर रेषा उमटू लागल्या. रोगाविषयीची शंका पुढे सिद्ध झाली नाही. परंतु तिच्यासाठी आलेल्या पैशाने स्थलांतराचे ज्ञान कायमचे मागे ठेवले.

पुढे या कामाला अमेरिकेचा पैसा मिळू लागला, आणि गुंतागुंत वाढली. अमेरिकी लष्कराशी संलग्न असलेला, स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या रोगांचा अभ्यास करणारा एक प्रकल्प आणि वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था यांचे साहाय्य होते. त्या काळी अमेरिकी पैशाचा एक विशेष झरा भारतात होता. पी. एल. ४८० या कायद्यानुसार भारत अमेरिकेचा गहू रुपयांत विकत घेई. ते रुपये भारतातच साठत आणि मुख्यतः भारतातच खर्च करावे लागत. त्यांतून कितीतरी संशोधनप्रकल्प चालले. एका देशाच्या धान्यटंचाईतून त्याच्याच जंगलांच्या अभ्यासासाठी निधी निघावा, हे अर्थव्यवहाराचे विलक्षण वळण होते.

शीतयुद्धाच्या दिवसांत अशा पैशाकडे निर्मळ दृष्टीने पाहिले जाणे अशक्य होते. अलींचे सहकारी डिलन रिप्ली हे थोर पक्षितज्ज्ञ होते आणि स्मिथसोनियनचे प्रमुखही. परंतु दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी गुप्तचर सेवेत काम केले होते. पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चालली आहे, असा संशय वृत्तपत्रांतून आणि संसदेतून व्यक्त झाला. १९७०च्या दशकाच्या मध्यास संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी साहाय्याने चालणाऱ्या संशोधनाची कसून छाननी केली. त्यात सोसायटीचा पक्षिप्रकल्पही होता. सलीम अलींनी आपल्या कामाची शास्त्रीय बाजू ठामपणे मांडली. स्वतःच्या दारिद्र्याच्या काळातही ज्याने मानधन नाकारले, त्याच्यावर परक्यांच्या हेतूंचे हत्यार झाल्याचा आळ यावा, याचे शल्य त्यांना होते.

या प्रकरणात कोण बरोबर होते, एवढ्यानेच त्याचा निकाल लागत नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्या भूमीवर परक्या लष्कराचा पैसा कशासाठी येतो हे विचारण्याचा अधिकार होताच. दुसऱ्या बाजूस, स्वदेशी तिजोरी त्या कामाला पुरेसा पैसा देत नव्हती, हेही खरे होते. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा भारतात १९७६ मध्ये आला. परदेशातून मायदेशातील संस्थांना मदत करू पाहणाऱ्यांना त्या कायद्याचे पुढचे अवतार आज चांगलेच परिचित आहेत. त्या संशयाचे मूळ किती खोल आहे, हे अलींच्या चरित्रातून समजते. त्याच धकाधकीत अली आणि रिप्ली यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. संशयाचे वादळ निवळले आणि ग्रंथ राहिला.

१९७६ हे त्यांच्या मानसन्मानाचे वर्ष ठरले. १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. आता पद्मविभूषण मिळाले आणि जे. पॉल गेटी यांच्या नावाचा वन्यजीव संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही. पुरस्काराची रक्कम मोठी होती. तेलाच्या संपत्तीतून आलेल्या त्या पैशाने अलींनी सोसायटीत निसर्गसंवर्धनाचा एक कायम निधी उभा केला. मूळ रक्कम राखून उत्पन्नातून काम चालवायचे, हा हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभणारा निर्णय होता. प्रत्येक वर्षी नव्या दात्याच्या दारी उभे राहण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याला अशा निधीची किंमत ठाऊक होती.

परंतु संवर्धनाच्या खर्चाचा सर्वांत कठीण धडा भरतपूरने दिला. राजस्थानातील ही सुमारे २९ चौरस किलोमीटरची पाणथळ भूमी म्हणजे तेथील महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे नेमक्या सलीम अलींच्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ही जमीन कोरडी करून शेतकऱ्यांना वाटावी आणि तिचे पाणी शेतीला द्यावे, अशी मागणी जोरात आली. मागणी अवास्तव नव्हती. तेथे पाणी आणि जमीन दोन्ही दुर्मीळ होती. अलींनी नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि तळी वाचली. १९८१ मध्ये त्यांना रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले, १९८२ मध्ये ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा.

राष्ट्रीय उद्यान झाले, त्याबरोबर गुरे चारण्यास बंदी आली. सभोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या गवतावर जगत होत्या. म्हशी पक्ष्यांच्या अधिवासाला घातक आहेत, असे बहुतेक संवर्धकांचे मत होते आणि सलीम अलींचेही तेच होते. त्या वर्षी गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले. ज्यांच्याकडे देण्यासारखे सर्वांत कमी होते, त्यांच्याकडून या उद्यानाने सर्वांत जास्त घेतले, आणि त्याबद्दल त्यांना पुरेशी भरपाई मिळाली नाही.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या साहाय्याने सोसायटीने १९८० पासून दहा वर्षे या पाणथळीचा अभ्यास केला. निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. म्हशी गेल्यावर पाण्यातले एक गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि अनेक पक्ष्यांना ते प्रतिकूल ठरले. म्हशी फुकटात तण काढीत होत्या. त्यांना हटवून उद्यानाने आपलाच एक मजूर गमावला होता. अंतिम अहवाल १९९१ मध्ये आला, तेव्हा सलीम अली हयात नव्हते. आपल्याच संस्थेने आपलेच मत खोडून काढले, हे पाहण्याची संधी त्यांना मिळाली नाही. पण त्यांनी घालून दिलेली शिस्तच अशी होती की, नोंदी जे सांगतील तेच लिहिले जावे. आज तेथे गावकरी परवाने घेऊन गवत कापतात आणि सायकलरिक्षा चालविणारी स्थानिक माणसे पर्यटकांना पक्षी दाखवून पोट भरतात. म्हणजे उद्यानाच्या उत्पन्नातला काही वाटा तरी कुंपणाबाहेर पोहोचतो.

केरळच्या सायलेंट व्हॅलीचा प्रश्नही याच जातीचा होता. कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना होती आणि ते वर्षावन वाचविण्याच्या मागणीला वृद्ध सलीम अलींनी आपले वजन दिले. इंदिरा गांधींच्या काळात प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. येथे कोणा दात्याने धनादेश दिला नव्हता. एका राज्याने हाती येऊ शकणारी वीज सोडली. विकसनशील देशांतील संवर्धनाचा मोठा खर्च असाच असतो: न घेतलेली वीज, न कसलेली जमीन, न चारलेले गुरू. तो कोणत्याही ताळेबंदात लिहिला जात नाही, म्हणून श्रीमंत देशांना तो दिसत नाही.

१९८५ मध्ये 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, सलीम अलींचे मुंबईत निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी जुलैमध्ये बोलिव्हियात संवर्धनाच्या अर्थकारणातला एक नवा प्रयोग झाला. एका अमेरिकी संस्थेने बोलिव्हियाचे साडेसहा लाख डॉलरचे परदेशी कर्ज बाजारातून सवलतीने एक लाख डॉलरला विकत घेतले आणि ते माफ करण्याच्या बदल्यात बेनी परिसरातील अरण्याच्या रक्षणाची हमी घेतली. कर्जाच्या बदल्यात निसर्ग हा तो पहिला करार. त्यातही सरकारने कबूल केलेला स्थानिक निधी वेळेवर आला नाही, आणि तेथे राहणाऱ्या चिमाने आदिवासींच्या जमीनहक्काचा प्रश्न आधी कोणी नीट विचारला नव्हता. ठिकाण बदलले, साधन बदलले. भरतपूरचा प्रश्न मात्र तोच राहिला.

२०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारात जगाने जैवविविधतेसाठी २०३० पर्यंत दरवर्षी किमान २०० अब्ज डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. त्यांतील ३० अब्ज विकसित देशांकडून विकसनशील देशांकडे जावेत, असे ठरले. या आकड्यांपुढे किहीमच्या घरातील कोरा वेतनरकाना फार लहान वाटेल. तरीही ज्या प्रश्नांची उत्तरे सलीम अली आयुष्यभर शोधत होते, तेच प्रश्न या अब्जावधींनाही विचारावे लागतील. पैसा कोणाच्या गरजेतून येतो, कामाची दिशा कोण ठरवतो, दाता निघून गेल्यावर काम कशावर चालते, आणि गवत बंद झाल्यावर म्हैस कोठे जाते? परदेशात स्थिरावलेला मराठी माणूस आज मायदेशातील जंगलासाठी, पाणथळीसाठी किंवा पक्ष्यांसाठी देणगी देतो तेव्हा पावती आणि करसवलत तो पाहतोच. चौथ्या प्रश्नाचे उत्तरही त्याने संस्थेकडून मागून घ्यावे. भरतपूरच्या गावांना ते वेळेवर मिळाले असते, तर तेथील पाणीही मोकळे राहिले असते आणि काही घरांतील माणसेही.